बातमी कोणी सांगायची?

आपल्याकडे गंभीर आजाराची बातमी घरात फिरते त्याचा मार्ग ठरलेला असतो. डॉक्टर ती आधी घरातल्या एखाद्या धीराच्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात. धीराचा माणूस जिन्यात उभा राहून थोरल्या भावाला फोन करतो. थोरला भाऊ 'कुणाला बोलू नकोस' असं बजावून बायकोला सांगतो, बायको माहेरी सांगते, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या वॉचमनपासून नाशिकच्या आत्यापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. राहता राहतो तो पेशंट. त्याला सांगायचं की नाही यावर स्वयंपाकघरात दबक्या आवाजात खल चाललेला असतो, आणि तो बाहेरच्या खोलीत आडवा पडून विचार करत असतो की सणवार काही नसताना आज सुरळीच्या वड्या कशा काय झाल्या.

त्यातून कॅन्सर असला तर त्याचं नावही कुणी घेत नाही. 'त्यांना टाटाला दाखवलंय' एवढंच म्हणायचं. परळचं टाटा हॉस्पिटल सुरू झालं १९४१ साली. तेव्हापासून कित्येक घरांनी रोगाचं नाव तोंडातून न काढता केवळ हॉस्पिटलच्या नावावर भागवलं आहे. ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. 'च्च' करतो, जरा थांबतो आणि 'पण वय काय हो त्यांचं?' म्हणतो. या प्रश्नाला काहीही उत्तर दिलं तरी त्याला वाईटच वाटणार असतं, हे दोघांनाही माहीत असतं.

हा सगळा शिष्टाचार लॉस एंजेलिसमध्ये एका बाईने एका रात्रीत उलटा करून टाकला. टिग नोटारो तिचं नाव. ३ ऑगस्ट २०१२ ची रात्र. लार्गो नावाचं एक छोटं थिएटर, खुर्च्या तीनशेच्याही आत. स्टँडअपचा कार्यक्रम आधीच ठरलेला. दोन्ही स्तनांत कॅन्सर असल्याचं तिला कळून काही दिवसच झाले होते. ती स्टेजवर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाऊसपाण्याचं बोलावं तशा सुरात, नमस्कार-चमत्काराच्या ओघातच, आपल्याला कॅन्सर झाला असल्याचं तिने सांगून टाकलं. लगेच समोरच्यांची खुशालीही विचारली. लोक हसले. विनोदी बाई आहे, विनोद करत असणार! मग ती तेच पुन्हा म्हणाली, त्याच सुरात. हसणं विरळ होत गेलं. कुणीतरी आवंढा गिळल्याचा आवाज आला. तिकीट काढून हसायला आलेल्या परक्या लोकांना ही बातमी अशी थेट, पेशंटच्याच तोंडून कळली. मध्ये ना थोरला भाऊ, ना नाशिकची आत्या.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढे 'लिव्ह' या नावाने अल्बम म्हणून निघालं. जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज आहे. मी तो पुन्हा पुन्हा ऐकतो. खरं सांगायचं तर त्यातला विनोद ऐकण्यापेक्षा मला त्यातले प्रेक्षक ऐकायला जास्त आवडतात. इतके गोंधळलेले प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डिंगवर मी ऐकलेले नाहीत. कुणी हसता हसता मध्येच थांबतं, कुणी भलत्याच जागी हसतं आणि मग आपल्या हसण्याला शरमून गप्प होतं. एकाला ही बातमी फारच लागलेली दिसते, तेव्हा ती स्टेजवरून त्याची समजूत घालते, की सगळं ठीक होईल. मग जरा थांबते आणि स्वतःलाच दुरुस्त करते, की तुझं ठीक होईल, माझं काही सांगता येत नाही.

इथे मला आपल्याकडची विचारपूस आठवल्याशिवाय राहत नाही. कॅन्सर झालेल्या माणसाला भेटायला जाणं हे मराठी मध्यमवर्गातलं मोठं कर्तव्य आहे, आणि ते पार पाडताना पेशंटचे जे हाल होतात त्यांची कोणत्याही केस पेपरवर नोंद होत नाही. पाहुणे येतात. दारातच चेहरा पाडतात. आवाज एकदम खाली उतरतो, कारण आजारी माणसाला ऐकूही कमी येतं असा आपला समज असावा आणि तरीही मोठ्याने बोलायचं नाही असा नियम असावा. शहाळी येतात. फळांची पिशवी येते, तिच्यात सफरचंदं असतात, आणि ती शेवटी नातवंडंच खातात. मग 'आमच्या ओळखीत एकांना' या शब्दांनी सुरू होणारी गोष्ट. त्या ओळखीतल्यांना डॉक्टरांनी तीन महिने दिले होते आणि गव्हांकुराच्या रसावर ते आज गिरनार चढतात. कधीकधी सांगणाऱ्याच्या मध्येच लक्षात येतं की आपण सांगतोय ते ओळखीतले पुढे वारले. मग तो गोष्ट घाईघाईने वेगळ्याच गावाला नेतो.

या सगळ्यात पेशंट काय करतो? तो यजमानपण करतो. उठून बसतो. 'चहा टाक गं' म्हणतो. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर 'अहो काही नाही, होतंय बरं' म्हणून त्यांच्याच पाठीवर हात ठेवतो. ज्याला धीर द्यायला माणसं येतात त्यालाच आल्या-गेल्याला धीर देत बसावं लागतं, आणि पाहुणे खाली जाऊन रिक्षात बसताना एकमेकांना सांगतात, 'काय धीराचा माणूस आहे!' टिगने त्या रात्री हेच यजमानपण केलं. फरक इतकाच की ते करताना आपण ते करतोय, हे तिने लपवलं नाही. तेवढ्यावर प्रेक्षक हसले.

तशी टिग काही कडवट किंवा भेदक विनोदाबद्दल प्रसिद्ध नव्हती. १९७१ साली मिसिसिपीत जन्मलेली, बोलणं अतिशय संथ, चेहऱ्यावर हालचाल जवळपास नाहीच. वाक्य बोलून झाल्यावर ती इतकी थांबते की पुढचं विसरली की काय अशी शंका यावी. एकदा कोनन ओब्रायनच्या टीव्ही कार्यक्रमात तिने स्टेजवरचं स्टूल नुसतं इकडून तिकडे फरफटत नेलं. त्याचा जमिनीवर जो कर्कश आवाज होई, तोच विनोद. मिनिटभर, दोन मिनिटं, नुसतं स्टूल. कुणाला हे बाष्कळ वाटेल. मला वाटतं, ज्या माणसाला स्टूल ढकलून लोकांना हसवता येतं त्याच्याकडे धीर धरण्याची विलक्षण ताकद असते, आणि ती लार्गोत कामाला आली. भरभर बोलणारा कुणी असता तर ती अवघड शांतता भरून काढायला धावला असता. टिगने ती तशीच पडू दिली.

आणि सांगण्यासारखं तिच्याकडे होतं तरी किती! त्या रात्रीआधीचे चार महिने म्हणजे एखाद्या मालिकेच्या लेखकाने पाठवले असते तर चॅनेलने 'जरा कमी करा' म्हणून परत केले असते. आधी न्यूमोनिया. त्यातून उठते न उठते तोच आतड्यात सी. डिफिसिल नावाच्या जिवाणूचा भयंकर संसर्ग, खाणंपिणं बंद, वजन झरझर उतरलेलं. ती हॉस्पिटलमधून बाहेर येते तोच तिची आई पडली, डोक्याला मार लागला आणि त्यातच ती गेली. मग प्रेमसंबंध तुटला. आणि मग कॅन्सर. देव झेपेल तेवढंच देतो असं म्हणतात, त्यावर टिगने वरच्या दरबारातलं एक दृश्य उभं केलं आहे. देवदूत पुरे करा म्हणून विनवताहेत आणि देव म्हणतोय की नाही, तिला अजून थोडं झेपेल. आपल्याकडे हेच 'तो परीक्षा पाहतो' असं म्हणतात. परीक्षा कुणाची, पेपर कुणी काढला आणि सप्लिमेंटरी किती जोडायच्या, हे मात्र कुणी सांगत नाही.

अल्बम नीट ऐकला तर एक गोष्ट जाणवते. रोगावर थेट असे विनोद त्यात थोडे आहेत. आपल्या लहानखुऱ्या छातीची ती वर्षानुवर्षं स्टेजवर टिंगल करत आली, तेव्हा आता छातीने वैतागून सूड घ्यायचं ठरवलं असावं, हा त्यातला सर्वांत थेट. बाकीचे सगळे रोगाच्या आसपासच्या जगावर. आई गेल्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलकडून आईच्याच नावाने एक प्रश्नावली आली: आमच्याकडचा तुमचा मुक्काम कसा झाला? नोटारोने ती मेलेल्या आईच्या वतीने गंभीरपणे भरायला घेतली. मला ही जागा सगळ्या अल्बममध्ये श्रेष्ठ वाटते. पाठवणाऱ्याचा काही दोष नाही. कुठल्यातरी संगणकाने डिस्चार्जची तारीख पाहिली, पाकिटावर पत्ता छापला आणि पाठवून दिलं. तारखेच्या पुढे काय घडलं होतं ते त्याला विचारायचं नव्हतं. मृत्यूच्या आसपास अशी कितीतरी यंत्रं बिनघोर चालू असतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर वाढदिवसाच्या दिवशी बँकेच्या शुभेच्छा येतात आणि सोबत कर्जाची ऑफरही येते. दुःखात हसू येतं ते या बिनघोरपणाचं. खुद्द दुःख काही विनोदी नसतं, आणि असतं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

डेटिंगचाही एक विनोद आहे. इतक्या सगळ्यानंतर जोडीदार शोधायला जाहिरात कशी द्यावी? कॅन्सर आहे, गंभीर असाल तरच संपर्क साधा. आपल्या वधूवरसूचक मंडळात असा फॉर्म आला असता तर चष्मा कपाळावर सरकवून ठेवणाऱ्या बाईंनी नाडीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं असतं, 'पण पत्रिका बघता ना?'

'हसा आणि निरोगी राहा' हे वाक्य डॉक्टरांच्या कॅलेंडरपासून टूथपेस्टच्या खोक्यापर्यंत कुठेही सापडतं, आणि त्याच्यावर माझा विश्वास नाही. हसण्याने बरं होण्याची कल्पना तशी जुनी. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाने १९७९ साली पुस्तक लिहून सांगितलं की वेदना असह्य झाल्या तेव्हा मार्क्स बंधूंचे सिनेमे पाहून दहा मिनिटं मनसोक्त हसलं की त्याला दोन तास शांत झोप लागे. मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली अंधेरीच्या बागेत हास्यक्लब सुरू केला, आणि आता जगभर सकाळी सकाळी माणसं हात वर करून हसतात. सुरुवातीला तिथे विनोद सांगत असत म्हणे, पण लवकरच ते संपले, मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. मुंबईच्या व्यवहारीपणाचा एवढा सुंदर नमुना दुसरा नसेल. टिगचं उलटं होतं. तिच्याकडे विनोद भरपूर होते, हसण्यासारखं काहीच नव्हतं. आणि तिला बरं केलं ते सर्जननी. दोन्ही स्तन काढून टाकले. कृत्रिम रीतीने पुन्हा बांधून घ्यायला तिने नकार दिला. तेव्हा हसण्याने कॅन्सर जातो असं कुणी सांगायला आलं तर त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा. हसण्याने पाहुणे मात्र लवकर जातात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

टिग जन्मली त्याच १९७१ साली आपल्याकडे 'आनंद' आला, हा योगायोग मला उगाचच महत्त्वाचा वाटतो. हृषीकेश मुखर्जींचा तो सिनेमा मुंबईत घडतो. राजेश खन्नाच्या आतड्यांना लिम्फोसारकोमा, आणि तो येईल त्याला हसवतो. त्या सिनेमाने आपल्या कितीतरी पिढ्यांच्या मनात आदर्श पेशंट ठरवून टाकला: स्वतः मरता मरता इतरांना हसवणारा, कुणाला त्रास न देणारा, नर्सपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा लाडका. त्यामुळे आपल्या घरातला जो साधा आजारी माणूस अंथरुणात कुरकुरतो, वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सारतो आणि पंखा चालू-बंद करत राहतो, त्याच्यावर जरा अन्याय झाला. तो आनंदसारखा का वागत नाही? शेवटी टेपरेकॉर्डरवरून गेलेल्या आनंदचा हसरा आवाज येतो तेव्हा थिएटरात एकही रुमाल कोरडा राहिला नसेल.

टिगच्या बाबतीतही आवाजच उरला. त्या रात्रीचं चित्रीकरण नाही. लार्गोत कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होत असे, तेवढंच हाती लागलं. फक्त आनंदच्या उलट इथे आवाजाची मालकीण जिवंत राहिली, आणि तिला टेपवरची आपली थोरवी लोकांकडून वर्षानुवर्षं ऐकून घ्यावी लागली, जे आनंदला सुदैवाने करावं लागलं नाही. तिच्यात आनंदचा गोडवाही नाही. कुणी आपल्याला शूर म्हणावं असा तिचा काही प्रयत्न दिसत नाही. मध्येच ती प्रेक्षकांना विचारते की आता हे पुरे, जरा हलकेफुलके विनोद करू का? तेव्हा प्रेक्षकांतून एक जण ओरडून नको म्हणतो, हेच चालू दे. माझ्या मते त्या अंधारातल्या अनोळखी माणसाने आजारी माणसाच्या भेटीला गेलेल्याने जे करायला हवं ते केलं. त्याने विषय बदलला नाही.

मराठीत या वाटेवर पद्मजा फाटक गेल्या होत्या. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या अनुभवावरच्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'हसरी किडनी'. दुकानात ते नाव पाहून मुलांचं पुस्तक समजून कुणी उचललं तर मला नवल वाटणार नाही. किडनीला हसरी म्हणायला जो नेमका खोडकरपणा लागतो तो आपल्याकडेही होता आणि आहे. फक्त आपण तो बहुधा कागदावर काढतो. लोकांसमोर उभं राहून, त्यांचे चेहरे पाहत, रिपोर्ट हातात आल्यावर थोड्याच दिवसांत काढत नाही.

त्या रात्री लार्गोत विनोदकार लुई सी.के.ही होता. दुसऱ्या दिवशी त्याने ट्विटरवर लिहिलं की इतक्या वर्षांत खरोखर थोर म्हणावेत असे फारच थोडे कार्यक्रम त्याने पाहिले, त्यातला हा एक. मग ऑक्टोबरमध्ये त्याने तो आपल्या संकेतस्थळावरून पाच डॉलरला विकायला ठेवला. पुढे २०१७ साली याच सी.के.ने स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाचे आरोप खरे असल्याचं कबूल केलं. त्याआधीच टिगने त्याच्यापासून अंतर ठेवलं होतं. या अल्बमची गोष्ट सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही, आणि घेतलं की तोंडाची चव जाते. अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पुरस्कार २०१४ च्या सोहळ्यात कॅथी ग्रिफिनला गेला. म्हणजे तिकडेही केवळ सहानुभूतीवर भागत नाही, हे ऐकून बरं वाटलं.

खरी पंचाईत पुढेच झाली असणार. इतका गाजलेला कार्यक्रम झाल्यावर पुढच्या वेळी स्टेजवर येऊन माणसाने बोलायचं कशावर? रोग बरा झाला, आता विषय काय? लोक तर येताना डोळे आधीच ओले करून येणार. एकदा 'धीराची बाई' झाली की स्टूल ढकलायला कोण देतं? आपल्याकडेही मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचं हेच होतं. तो भाजीच्या भावावरून तणतणला तरी ऐकणारे म्हणतात, 'बघा, जीवनावर किती प्रेम आहे!' त्याला फक्त गवार महाग वाटलेली असते.

त्या लार्गोच्या रात्री शेवटी टिगने आपला एक नेहमीचा विनोद सांगितलाच. लॉस एंजेलिसचा ४०५ क्रमांकाचा हमरस्ता तुंबलेला आहे, गाडी जागची हलत नाही, आणि शेजारून एक मधमाशी तिला मागे टाकून पुढे निघून जाते. बस, एवढाच विनोद. एरवी लोक त्याला बेताचं हसले असते. त्या रात्री ते अर्धा तास पोटात धरून ठेवलेलं सगळं त्या मधमाशीवर ओतून मोकळे झाले.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये टिगने कार्यक्रमाच्या मध्येच शर्ट काढला. खाली काही नाही. शस्त्रक्रियेचे व्रण सगळ्यांसमोर. २०१५ च्या एचबीओच्या कार्यक्रमातही तिने तेच केलं, आणि तो मी पाहिला आहे. सुरुवातीला प्रेक्षक टाळ्या वाजवतात, उभे राहतात, काहींना नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. ती त्या टाळ्यांवर रेंगाळत नाही. शर्ट परत घालत नाही, त्याच्याबद्दल बोलतही नाही. तशीच उभी राहून पुन्हा त्याच मठ्ठ चेहऱ्याने तिचे नेहमीचे बिनमहत्त्वाचे विनोद सांगत राहते. पाहता पाहता लोक हसायला लागतात. आधी जपून, मग मोकळेपणाने. थोड्या वेळाने मलाही आठवावं लागलं की हिने शर्ट घातलेला नाही.